चिखलाची जन्मपत्रिका

नदी मोठे गोटे वाटेतच टाकून देते, वाळू थोडी पुढे नेते. बारीक चिखल मात्र दूरच्या संथ पाण्यात जाऊन तळाशी बसतो. पुढे लाखो वर्षांच्या दडपणाने त्याचाच दगड होतो. त्याला पंकाश्म म्हणतात, आणि त्याचे पापुद्रे सुटत असले तर शेल. गाळाच्या खडकांत निम्म्याहून अधिक भरणा याच कुळाचा आहे. वाळूचा कण भिंगाखाली ओळखू येतो. चिखलाचा कण मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाहूनही लहान! मग त्याचे मूळ गाव विचारावे कोणाला? याचे उत्तर रासायनिक पृथक्करण देते.

पहिला प्रश्न कुळाचा. ग्रॅनाइटात थोरियम अधिक, तर आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टात स्कँडियम अधिक. ही दोन्ही मूलद्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती गाळाबरोबरच प्रवास करतात. म्हणून त्यांचे परस्पर प्रमाण पाहिले की आई कोण ते समजते. गोदावरी बेसॉल्टावर उगम पावते आणि पुढे जुन्या ग्रॅनाइटी प्रदेशांतून वाहते. तिच्या चिखलात दोन्ही घराण्यांचा अंश उतरतो.

दुसरा प्रश्न हवामानाचा. उष्ण, पावसाळी प्रदेशात सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम धुऊन जातात. ॲल्युमिनियम मागे राहते. १९८२ साली नेस्बिट आणि यंग यांनी यावरून एक निर्देशांक मांडला. ताज्या ग्रॅनाइटाचा आकडा सुमारे ५०, सर्वसाधारण शेलचा ७० ते ७५ आणि पूर्ण कुजून झालेल्या शुद्ध केओलिनचा १००. कॅनडातील ह्युरन सरोवराच्या उत्तरेकडील, दोन अब्ज वर्षांहून जुन्या पंकाश्मांना त्यांनी ही कसोटी लावली. हिमयुगातील थरांत आकडा खाली आला होता, कारण बर्फ खडक दळतो खरा, पण कुजवत नाही.

परंतु सावधगिरी हवी. शिंपल्यांतील चुन्याचे कॅल्शियम हिशेबातून वगळले नाही, तर आकडा फसवतो. जमिनीखालच्या पाण्याने मागाहून पोटॅशियम आत घातले असेल, तरीही तेच. शिवाय जुना शेल झिजून पुन्हा चिखल झाला, तर झिजेच्या खुणा दोन जन्मांच्या असतात. तेव्हा एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. अनेक साक्षी जुळवाव्यात. त्या जुळल्या, की ज्या डोंगरांचा आज मागमूसही नाही, त्यांच्या माथ्यावर कसा पाऊस पडत असे, हेही हा मुका चिखल सांगू लागतो.