हत्यारं आणि हात (भाग ९) : खिळा आधी, गन नंतर

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लाकडात खिळा दोन अगदी वेगळ्या कामांसाठी जातो. एक काम पॅकिंगचं. इथली स्विचगियर आणि यंत्रांचे सुटे भाग पॅलेटवर किंवा लाकडी पेटीत बसूनच गेटबाहेर पडतात. दुसरं काम फर्निचरचं. वसाहतीला लागून सिडको आहे, पुढे पाथर्डी फाट्याकडे इमारती वाढतच आहेत, आणि प्रत्येक घराला वॉर्डरोब, टीव्ही युनिट, किचनची कपाटं लागतात. बॅटरीवरची नेल गन घ्यावी का, असं विचारणाऱ्याला मी आधी एकच विचारतो : खिळा कोणता मारायचा आहे? गन त्यानंतर ठरते. दुकानात नेमकं उलटं होतं. आधी गन हातात येते आणि मग तिच्यासाठी काम शोधलं जातं.

पॅलेटचं उत्तर सोपं आहे. पाइनच्या फळ्यांवर दोन-अडीच इंची कॉइल नेल दिवसभर मारायचे असतात, एकेका कॉइलमध्ये दोन-तीनशे खिळे असतात. शेडमध्ये कॉम्प्रेसर बसवलेला असतो, कारागीर एकाच जागी उभा असतो. इथे एअर गनच हवी. ती हलकी असते, तापत नाही, आणि बिघडली तर ओ-रिंग बदलून पुन्हा चालू होते. या कामात बॅटरीची गन आणणं म्हणजे पैसे घालून मनगट दुखवून घेणं.

पण लाकडी पेटीचं शेवटचं झाकण पॅकिंगच्या शेडमध्ये ठोकलं जात नाही. पेटी उघडीच कारखान्यात जाते, यंत्र आत उतरतं, तपासणी होते आणि डिस्पॅचच्या दाराशी झाकण बसतं. तिथे हवेची लाइन नसते, ट्रक मात्र उभा असतो. बॅटरीवरच्या मोठ्या गनचं खरं स्थान हे. वजन साडेतीन-चार किलो असलं तरी पाच-दहा पेट्यांसाठी चालतं. घाईत एक गोष्ट विसरली जाते, ती सांगून ठेवतो. निर्यातीच्या पेटीचं लाकूड आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णतेची प्रक्रिया केलेलं लागतं. गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं टिकावं लागतं, मग ‘एचटी’चा शिक्का बसतो. झाकणाची फळी तडकली म्हणून कोपऱ्यात पडलेली कुठलीही फळी ठोकून दिली, तर शिक्क्याला अर्थ राहत नाही.

आता फर्निचर. इथे पिन सांधा धरून ठेवत नाही. फेविकॉल पकड घेईपर्यंत ती फक्त तुकडा जागेवर ठेवते, वजन पेलायला स्क्रू आहेतच. हे पटलं की गेज निवडणं अवघड राहत नाही. गेजचा आकडा वाढतो तशी पिन बारीक होते. २३ गेजची पिन जेमतेम ०.६ मिमी असते. तिचं भोक दिसतही नाही, म्हणून ती बारीक बिडिंगला योग्य. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. आपले मिस्त्री जिला एफ-३० म्हणतात ती याच गेजची, ३० मिमी लांबीची. टी-५० ही १६ गेजची, ५० मिमी लांब आणि जाड. दरवाजाच्या पट्टीला ती चालते, पण अरुंद सागवानी लिपिंग चिरते. लांबीसाठी सोपा हिशेब असा, की वरचा तुकडा जितका जाड, त्याच्या अडीच-तीन पट पिन. १२ मिमीच्या पट्टीला ३० ची पुरते. फर्निचरवाल्याला एकच बॅटरीची गन घ्यायची असेल, तर मी १८ गेजची, ५० मिमीपर्यंत मारणारी घ्यायला सांगेन. राहत्या फ्लॅटमध्ये कॉम्प्रेसरची धडधड नको असते, नळी जिन्यातून ओढावी लागत नाही, आणि वीज गेली तरी हात थांबत नाही. किंमत मात्र एअर गनच्या अनेक पट आहे. महिन्यातले बहुतेक दिवस साइटवर जात असतील तरच ती वसूल होते.

नळी नसलेल्या गनची आतली रचना तीन प्रकारची असते. गॅसवरची सगळ्यात जुनी. पासलोड या अमेरिकी कंपनीने १९८६ साली ती बाजारात आणली. छोट्या डब्यातला गॅस ठिणगीने पेटतो आणि पिस्टन ढकलतो. ताकद भरपूर, पण डबे विकत घेत राहावं लागतं, धुराचा वास येतो आणि आतली काजळी साफ करावी लागते. दुसरीत मोटर एक जड चाक फिरवते, चाप ओढला की त्या चाकाचा वेग खिळ्याला मिळतो. तिची दुरुस्ती सोपी, पण चाक वेग घेईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं आणि हाताला धक्का जाणवतो. तिसरीत बंद सिलिंडरमधला वायू स्प्रिंगसारखं काम करतो. मोटर तो दाबते, चाप सोडवतो. हिचा ठोका एअर गनच्या जवळ जातो. मात्र वायू गळला तर काम सर्व्हिस सेंटरचं, म्हणून नाशिकमध्ये सर्व्हिस आहे की नाही हे पैसे देण्याआधी विचारा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अनेक स्वस्त एफ-३० एअर गनना तोंडाशी सुरक्षेची कडी नसतेच, नुसता चाप ओढला की पिन सुटते. बॅटरीच्या बहुतेक गनना ही कडी असते. तोंड लाकडावर दाबल्याशिवाय त्या सुटत नाहीत. त्यात पुन्हा दोन पद्धती आहेत. एकीत दर खिळ्याला आधी तोंड दाबायचं, मग चाप ओढायचा. दुसरीत चाप ओढलेलाच ठेवायचा आणि तोंड जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. अमेरिकेतल्या नायोश आणि ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थांनी २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत दुसऱ्या पद्धतीत इजेचा धोका दुप्पट असल्याचं नोंदवलं आहे. जखम बहुतेकदा हाताला, बोटांना होते. धक्क्याने गन उडते, पुन्हा टेकते आणि नको असलेला दुसरा खिळा सुटतो. माझं मत स्पष्ट आहे : फर्निचरच्या साइटवर पहिलीच पद्धत ठेवा, शिकाऊ पोराच्या हातात तर दुसरी देऊच नका. वाचलेल्या मिनिटांपेक्षा त्याची बोटं मोठी आहेत.

मोकळा हात खिळ्याच्या जागेपासून फूटभर लांब हवा. बारीक पिन गाठीला किंवा कडक रेषेला लागली की वळते आणि प्लायच्या बाजूने बाहेर येते. तिथेच तुकडा धरलेलं बोट असतं. पिन सहसा मॅगझिनच्या डावी-उजवीकडे वळते. म्हणून प्लायच्या कडेत मारताना मॅगझिन कडेला आडवं धरा, म्हणजे वळलेली पिन कडेच्या लांबीतच राहील. खोली ठरवणारं चाक आधी त्याच प्लायच्या टाकाऊ तुकड्यावर जमवून घ्या. डोकं मिलिमीटरभर आत बसलं की पुटीला जागा मिळते. चष्मा घाला. राहत्या घरात भिंतीवर पट्टी मारताना वायर आणि पाइप कुठून गेलेत ते विचारून घ्या.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापतं. उन्हात राहिलेली गरम बॅटरी बरेच चार्जर चार्ज करत नाहीत, दिवा लुकलुकत राहतो. बॅटरी बिघडलेली नसते, सावलीत थंड होऊ द्या. पावसाळ्यात गॅल्व्हनाइज्ड पिनाच घ्या, साध्या पिनांचा गंज पुटीखालून डाग देतो.

पिन अडकली तर एअर गनची नळी काढायची सवय मिस्त्रींना असते. बॅटरीच्या गनला काढायला नळीच नाही, त्यामुळे बोट सरळ तोंडाकडे जातं. आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा, मग पिनांची पट्टी काढा, त्यानंतरच पुढची खिटी उघडून पकडीने वाकलेली पिन ओढा. पट्टी पुन्हा भरण्याआधी तोंडातला भुसा झटका, कारण अडकलेल्या पिनेमागे बऱ्याचदा तोच असतो.

पुढच्या आठवड्यात फेविकॉल : सांधा किती वेळ दाबून ठेवायचा आणि पावसाळ्यात तो उशिरा का वाळतो.