गिऱ्हाईक नेमकं कुठे गळतं?

समजा, तुमचं पाण्याच्या आरओ फिल्टरचं दुकान आहे. ताई फोनवर भाव विचारतात आणि म्हणतात, "पगार झाला की बघू." तुम्ही म्हणता, "चालेल ताई." एक तारीख येते, पण त्या गडबडीत तुम्ही फोन करत नाही. दहा तारखेला त्यांच्या किचनमध्ये दुसऱ्या दुकानाचं मशीन बसलेलं असतं. तुमचा माल चांगला होता, भावही बरोबर होता. गिऱ्हाईक गेलं ते आठवणीअभावी.

आता जुन्या गिऱ्हाइकांचा हिशोब करू. तुम्ही आजवर 200 मशीन विकली आणि वर्षाच्या सर्व्हिसिंगचे सरासरी 1,500 रुपये धरले, तर ते वर्षाला 3 लाख होतात. नवीन जाहिरात नको, नवीन गिऱ्हाईक नको. फक्त कुणाचा फिल्टर कधी बदलायचा, हे वेळेवर कळायला हवं. एवढ्या तारखा डोक्यात राहतील का? नाही राहणार.

सीआरएम सॉफ्टवेअर हेच काम करतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान: नाव, नंबर, काय घेतलं, काय भाव सांगितला, शेवटचं बोलणं काय झालं आणि पुढचा फोन कधी करायचा. यातली 'पुढची तारीख' सगळ्यात महत्त्वाची. सकाळी शटर उघडलं की आज कुणाकुणाला फोन करायचे, ती यादी समोर हजर!

आणखी एक गोष्ट. गिऱ्हाइकांचे नंबर फक्त तुमच्या मुलाच्या फोनमध्ये असतील आणि उद्या तो मुलगा काम सोडून गेला, तर काय कराल? माहिती दुकानाच्या नावावर हवी, माणसाच्या खिशात नको.

पण लगेच पैसे खर्च करू नका. आधी एक साधी वही किंवा एक्सेल घ्या. पाच रकाने पाडा: नाव, नंबर, काय हवं, शेवटचं बोलणं, पुढची तारीख. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये लेबल लावायची सोय आहे, तीही वापरा. महिनाभर रोज लिहायची सवय लागली आणि वही अपुरी पडायला लागली, की मग सॉफ्टवेअरकडे वळा. झोहोचं 'बिगिन' खास छोट्या धंद्यांसाठीच बनवलंय, हबस्पॉटचं मोफत सीआरएमही आहे. सवय नसेल तर महागडं सॉफ्टवेअरसुद्धा रिकामंच राहतं, कारण माहिती तुम्हालाच भरायची असते आणि फोनही तुम्हालाच करायचा असतो.

नंबर घेताना मात्र "सर्व्हिसिंगची आठवण करून देऊ का?" असं विचारून घ्या. रोज ऑफरचे मेसेज पाठवलेत तर लोक ब्लॉक करतील.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढंच करा. गेल्या 30 दिवसांत ज्यांनी भाव विचारला पण घेतलं नाही, त्यांची नावं लिहून काढा आणि प्रत्येकापुढे एक तारीख टाका. उद्या सकाळी पहिला फोन लावा.