वाळ्याच्या रंगाची पस्तीस वर्षं

पिंजऱ्यात वाढणाऱ्या फिंच पक्ष्यांच्या पायात वाळा घालतात तो ओळखीसाठी. पिल्लू साधारण आठ-दहा दिवसांचं असताना धातूचा अखंड, बिनजोडाचा वाळा त्याच्या पंजावरून वर सरकवला जातो. पुढे पंजा वाढतो आणि वाळा निघत नाही. त्यावरचा क्रमांक हाच त्या पक्ष्याचा जन्मभराचा दाखला. मात्र तो वाचायचा तर पक्षी हातात धरावा लागतो. प्रयोगशाळेतल्या मोठ्या पिंजऱ्यात एकसारखे दिसणारे अनेक पक्षी उडत असताना दर वेळी पकडापकडी करणं परवडत नाही, म्हणून संशोधक जोडीला प्लास्टिकचे रंगीत वाळे घालतात. लाल-पिवळा म्हणजे अमका नर, निळा-काळा म्हणजे तमकी मादी, हे लांबूनही कळतं. या सोयीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: रंग आपल्यासाठी आहे, पक्ष्याला त्याचं सोयरसुतक नाही. हे गृहीतक तपासताना आधी एक प्रसिद्ध शोध लागला आणि नंतर तोच शोध गळून पडला. पक्ष्यांच्या पसंतीपेक्षा माणसांच्या पसंतीबद्दलच त्यातून जास्त कळतं.

ही सगळी कथा झेब्रा फिंचची. मूळचा ऑस्ट्रेलियातला, आपल्या मनोलीच्याच कुळातला हा पक्षी आपल्याकडेही हौशी लोकांच्या पिंजऱ्यांत सर्रास दिसतो. तो बंदिवासात सहज वीण घालतो आणि नर पिल्लं मोठ्या नराचं ऐकून गाणं शिकतात, त्यामुळे तो प्रयोगशाळांचा लाडका. कोंबडीनंतर ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला असा हा दुसरा पक्षी. ते काम २०१० साली प्रसिद्ध झालं. नॅन्सी बर्ली या अमेरिकी संशोधिकेने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या वाळ्यांकडे लक्ष वेधलं. तिच्या प्रयोगांत माद्या लाल वाळ्याच्या नरांकडे ओढल्या जात होत्या आणि हिरव्या वाळ्याच्या नरांना टाळत होत्या. नराची चोच लालच असते. तोच रंग पायात आल्यामुळे तो अधिक देखणा ठरत असावा, हे स्पष्टीकरणही चटकन पटणारं होतं.

यावर पुढे मजले चढत गेले. आकर्षक वाळ्याच्या नराला मुलगे जास्त होतात, त्याची जोडीदारीण पिल्लांसाठी अधिक खस्ता खाते, असे निष्कर्ष आले. १९९९ साली ‘सायन्स’मध्ये तर असं प्रसिद्ध झालं, की लाल वाळ्याच्या नराशी जोडी जमलेली मादी आपल्या अंड्यांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त घालते. प्लास्टिकच्या एका वाळ्याने पुढच्या पिढीचं रसायन बदलावं, यापेक्षा शिकवायला सोपं आणि लक्षात राहणारं उदाहरण कुठून मिळणार? ते पाठ्यपुस्तकांत गेलं आणि तिथेच स्थिरावलं.

२०१८ मध्ये ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात डायपिंग वांग, वोल्फगांग फोर्स्टमायर आणि सहकाऱ्यांनी हा सगळा हिशेब पुन्हा मांडला. आठ प्रयोग, चार वेगवेगळ्या वंशावळींतले पक्षी, एकूण ७३० वाळेधारी. रंगपरिणामाला स्पष्ट दुजोरा देणारे जे २३ शोधनिबंध तोवर आले होते, त्या सगळ्यांतले पक्षी एकत्र केले तरी ही संख्या मोठी होती. निकाल असा, की नर असो वा मादी, त्यांच्या प्रजननाच्या यशातला फरक वाळ्याच्या रंगाने तिळमात्रही उलगडत नाही. इतर तीन प्रयोगशाळांकडून त्यांनी कधीच न छापलेली आकडेवारी मागवली, तीही याच बाजूची निघाली. जुन्या निबंधांचा एकत्रित ताळेबंद मांडला, तेव्हा पक्ष्यांची संख्या जितकी मोठी तितका परिणाम शून्याजवळ सरकत असल्याचं दिसलं.

मग पस्तीस वर्षं इतक्या जणांना हा परिणाम दिसला कसा? लबाडीचा संशय घ्यायचं कारण नाही. साधं गणित पुरेसं आहे. एका प्रयोगात गाण्याचं प्रमाण, वजन, अंडी, पिल्लांचं लिंग, संप्रेरकं अशा वीस गोष्टी मोजल्या आणि प्रत्येकीत निव्वळ योगायोगाने फसण्याची शक्यता विसात एक धरली, तर एकही परिणाम खरा नसताना निदान एक ‘लक्षणीय’ फरक हाती लागण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. फरक सापडला की निबंध होतो; न सापडला तर वही कपाटात जाते. या विषयावरच्या ३९ निबंधांपैकी निव्वळ नकारार्थी निकाल सांगणारे फक्त ८ होते. शिवाय वाळ्याचा रंग निरीक्षकालाही दिसतच असतो. लाल वाळ्याचा नर जिंकणार हे ठाऊक असलेल्या माणसाने मादी कोणाकडे किती वेळ झुकली याची नोंद करायची, म्हणजे अपेक्षेला शिरकाव करायला वाट मोकळीच. जन्मलेली पिल्लं मोजताना ती वाट पुष्कळ अरुंद होते.

यावर पहिला आक्षेप असा, की परिस्थिती बदलली असेल. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले पक्षी वेगळे, रानातून नुकते आलेल्यांचे वंशज वेगळे. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच त्या चार वंशावळींत दोन पाळीव आणि दोन अलीकडेच रानातून आलेल्या होत्या. त्यांच्या निकालांत एकमेकींपासून फारकत दिसली नाही. परिणाम काही ठिकाणी असता आणि काही ठिकाणी नसता, तर आकडे विखुरलेले मिळाले असते. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: क्षणिक पसंती खरी असेल, पण प्रजननापर्यंत तिचा परिणाम टिकत नसेल. तत्त्वतः हे शक्य आहे. पण याच गटातून २०१२ साली आलेल्या चार प्रयोगांत नराच्या प्रणयाराधनावर किंवा वजनावरही रंगाचा परिणाम आढळला नव्हता. आणि ‘क्षणभर आवडतो’ हा मूळ दावा नव्हताच. रंगामुळे पुढची पिढी बदलते, हा होता.

म्हणून ओळखखुणा नेहमीच निरुपद्रवी असतात, असा उलटा निष्कर्ष काढणंही तितकंच चुकीचं ठरेल. किंग पेंग्विनांच्या पंखावर बसवल्या जाणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा दहा वर्षं अभ्यास झाला, तेव्हा पट्टीधारी पक्ष्यांची पिल्लं ३९ टक्के कमी आणि जगण्याचं प्रमाण १६ टक्के कमी आढळलं. ते २०११ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. पट्टीमुळे पाणी कापताना अडथळा होतो आणि पोहायला जास्त शक्ती लागते, तर दोन-तीन मिलिमीटरचा प्लास्टिकचा वाळा कुणाची वाट अडवत नाही. पण हा फरक नुसत्या तर्काने ठरवता येत नाही. लाल चोचीचा तर्कही ऐकायला तितकाच गोड होता. खूण घालणं हाही एक प्रयोगच मानावा आणि तो पुरेशा पक्ष्यांवर तपासावा, एवढाच नियम दोन्ही उदाहरणांतून निघतो.

त्याहून अवघड काम नियतकालिकांचं आहे. वाळ्यांबद्दलचा नकार छापला गेला, कारण मूळ दावा प्रसिद्ध होता आणि तो पाडणं हीच बातमी होती. ज्या दाव्यांना अशी कीर्ती लाभली नाही, त्यांच्याविरुद्धचे निकाल आजही कपाटातच राहतात. निकाल हाती येण्यापूर्वीच, केवळ प्रयोगाची आखणी पाहून निबंध स्वीकारायची पद्धत काही नियतकालिकांनी सुरू केली आहे. ती अपवाद न राहता रीत झाली, तर ‘काही फरक पडत नाही’ हे वाक्य छापून यायला पुढच्या खेपेला पस्तीस वर्षं लागणार नाहीत.