मंद दारूने नळी वाचते का?

(दारू म्हणजे बंदुकीची. शीर्षक वाचून वेगळ्या आशेने आलेल्यांनी क्षमा करावी.)

अमेरिकेत बरेच नेमबाज झाडलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात. याला हँडलोडिंग म्हणतात. त्यांच्यात एक समज आहे: पावडर मंद जळणारी घेतली की नळी जास्त टिकते. ऐकायला पटतं. पण संशोधन करायचं असेल तर तुमचा पहिला प्रश्न असायला हवा, मंद कशामुळे?

नळी सगळ्यात जास्त झिजते ती गोळी आतल्या पिळदार आट्यांमध्ये शिरते तिथे. तिथला मुख्य गुन्हेगार गोळीचं घर्षण नाही, उष्णता. वायूचं तापमान ढोबळमानाने २५०० ते ३५०० केल्विन, आणि पोलाद १८०० च्या आसपासच वितळतं. हा मारा काही मिलिसेकंदच टिकतो म्हणून नळी वाचते. तरी पृष्ठभागाला बारीक भेगा पडतातच.

आता वेगाकडे या. तो दोन गोष्टींनी बदलतो. एक, रसायन: नायट्रोग्लिसरीन वाढवलं की ज्वाला जास्त तापते आणि जळणंही वेगवान होतं. दुसरी, दाण्याचा आकार. एकाच लाकडाचा भुसा भुर्रकन जळतो, ओंडका तासभर. आच मात्र त्याच लाकडाची. म्हणजे दोन पावडरी सारख्याच 'मंद' असून त्यांचं तापमान वेगळं असू शकतं!

ब्रिटिशांच्या कॉर्डाइटचं उदाहरण बघा. मार्क १ मध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं आणि बोअर युद्धाच्या सुमारास नळ्या फार लवकर खराब होऊ लागल्या. १९०१ मध्ये कॉर्डाइट एमडी आलं, त्यात ते ३० टक्क्यांवर आणलं. तोच वेग मिळवायला सुमारे १५ टक्के जास्त कॉर्डाइट भरावं लागलं, तरीही झीज कमी झाली. ज्वाला थंड झाली होती ना.

हँडलोडरचं गणित मात्र उलटू शकतं. तो मंद पावडर घेतो तेव्हा बहुधा ती जास्त भरतो, गोळीचा वेगही वाढवतो. गरम वायू जास्त, नळी बिचारी तीच.

मग तुलना करताना स्थिर काय ठेवायचं: पावडरचं वजन, सर्वोच्च दाब की गोळीचा वेग? तिन्ही एकदम जमत नाहीत. मी वेग स्थिर धरेन, कारण नेमबाजाला हवा असतो तोच. शिवाय दोन फैरींमधलं अंतर नोंदवेन. थंड नळीतल्या वीस गोळ्या आणि तापलेल्या नळीतल्या वीस एकाच रकान्यात घातल्या, तर झीज पावडरची की घाईची, हे सांगताच येणार नाही.