पहिली की दुसरी?

परवा संध्याकाळी चौथीतली नात शुद्धलेखनाची वही घेऊन माझ्यापुढे बसली. दहापैकी चार गुण. लाल शाईच्या सहा फुल्या, आणि सहाही वेलांटी-उकारांवर : गूण, वीष, दीन, गरीबाला, फूलाला, आणी. तीस वर्षे मुद्रिते तपासण्यात घालवलेल्या माणसाची ही नात! मी थोडा रागावलोच. “अगं, कान देऊन ऐकावं. गुण. आला का ऐकू पहिला उकार?”

ती म्हणाली, “आजोबा, तुम्हीसुद्धा ‘गूण’च म्हणालात.”

मी पुन्हा म्हणून पाहिले. तिचे बरोबर होते.

वाचकांनीही मोठ्याने म्हणून पाहावे. ‘गुण’मधल्या ‘ण’चा ‘अ’ आपण उच्चारत नाही. तो ‘ण’ पाय मोडल्यासारखा येतो आणि आधीचा ‘उ’ आपोआप लांबतो. ‘विष’चे तेच, ‘दिन’चेही तेच. ‘महाराष्ट्र दिन’ आणि ‘दीनदुबळे’ यांतला फरक कागदावर दिसतो, कानाला सहसा जाणवत नाही. मराठीत ‘इ’ आणि ‘उ’ यांची लांबी बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थावरून क्वचितच.

सगळ्याच भाषांत असे नसते. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘आ’ लांबवला की नाते एक पिढी मागे जाते! ज्या शहराला आपण टोकियो म्हणतो, त्याच्या नावातले दोन्ही ‘ओ’ लांब आहेत आणि जपानी कान त्यात चार ठोके मोजतो. फिनलंडच्या भाषेत ‘तुलि’ म्हणजे आग आणि ‘तूलि’ म्हणजे वारा. तिथे लांब स्वरासाठी तेच अक्षर दोनदा लिहितात. हंगेरीत अक्षरावर तिरकी रेघ देतात. ‘कोर’ म्हणजे वय. रेघ दिली, ‘ओ’ लांबवला, की झाला रोग. इतक्या दूर तरी कशाला? आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ओ’चा ‘कोडु’ म्हणजे दे, आणि दीर्घ ‘ओ’चा ‘कोडु’ म्हणजे शिंग. त्यांच्या लिपीत दोन्हींना वेगळी चिन्हे आहेत. आपल्या नेहमीच्या बाराखडीत एकच ‘ओ’, म्हणून मला हे दोन शब्द इथे वेगळे लिहिताही येत नाहीत. या भाषांत मूल जे ऐकते त्याचीच खूण लिहिते.

संस्कृतही अशीच. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन. पाणिनीने हे तिन्ही काळ ‘उ’ या स्वरावरून सांगितले. कोंबड्याच्या आरवण्यात ते तिन्ही क्रमाने ऐकू येतात म्हणून, असे परंपरेने सांगतात. ही व्यवस्था कानावर उभारलेली होती. मराठीने तिची चिन्हे घेतली, पण आपला कान हळूहळू वेगळ्या वाटेने गेला. चिन्हे मात्र राहिली.

मराठीच्या नियमांनी या बदलाची दखल घेतलीच नाही असे नाही. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली 14 नियम केले आणि 1972 मध्ये त्यांत 4 वाढवले. त्यांनी ‘कवि’चा ‘कवी’ केला, कारण शेवटचा स्वर आपण लांबच उच्चारतो. पण ‘गुण’, ‘विष’, ‘दिन’ संस्कृतातून जसेच्या तसे आले म्हणून तसेच ठेवले. म्हणजे एका ठिकाणी कानाला कौल आणि दुसऱ्या ठिकाणी मूळ शब्दाला. आणखी एक गंमत. वृत्तात बसत नसेल तर कवीला ऱ्हस्व-दीर्घाची सवलत याच नियमांनी दिली आहे. चौथीतल्या मुलीला ती नाही.

गुजरातीपुढेही हाच पेच आहे. 1999 च्या जानेवारीत उंझा इथे भरलेल्या परिषदेत एकच ‘ई’ आणि एकच ‘उ’ ठेवावा असे ठरले. काहींनी ते उचलले, पण सर्वत्र रुजले नाही. मराठीतही कुणी असे सुचवले की मन कचरते. जुनी पुस्तके, शब्दकोश, डोळ्यांना लागलेले वळण... तीस वर्षांची माझी सवय तर म्हणते, नकोच! नियम असावेत, या मताचा मी आजही आहे.

पण नियम आहे तो नियम म्हणून शिकवावा. “नीट ऐक” असे सांगून जे ऐकूच येत नाही ते लिहायला लावायचे, आणि चुकले की “तुझे मराठी कच्चे” म्हणायचे, हा अन्याय आहे. माझ्या नातीने सहापैकी चार शब्द कानाशी प्रामाणिक राहून लिहिले होते. ‘गरीबाला’ आणि ‘फूलाला’ तिने तर्काने लिहिले. ‘गरीब’ दीर्घ, तर ‘गरीबाला’ का नाही? अशा मुलाला आपली भाषा आपल्याला येत नाही असे एकदा वाटले, की ते लिहायचेच टाळू लागते. तशी मोठी माणसे मी पाहिली आहेत. बोलायला बसली की ऐकत राहावे, आणि पत्र लिहा म्हटले की “आमचं शुद्धलेखन नाही बरं” म्हणून हात आखडता घेणारी.

रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी वहीत सहा शब्द पुन्हा लिहिले आणि प्रत्येकापुढे कारण. गुण, विष, दिन : संस्कृतातून जसेच्या तसे. गरिबाला, फुलाला : प्रत्यय लागला, उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व झाला. ‘आणि’पाशी ती थांबली. “हे का, आजोबा?”

“अपवाद,” मी म्हणालो. तिने तेवढेच लिहिले आणि वही मिटली.