फाईलच्या पोटातली तारीख

जुलैत अकोले तालुक्यातल्या घाटघरला पाऊस उसंत देत नाही, आणि त्याच दिवशी पाथर्डी-जामखेडकडची माणसं कोरड्या ढगांकडे बघत बसलेली असतात. दोन्ही टोकं एकाच जिल्ह्यातली. कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगर. त्यामुळे नगरी माणसाला पावसाचा आकडा विचारायची खोडच असते. 'तुमच्याकडं किती झाला?' हे आमच्याकडे नमस्काराच्या जागी चालतं. हिवरे बाजारनं तर या खोडीची शिस्त केली: पडलेला पाऊस मोजायचा, त्यावरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं.

माझी मजल गच्चीवरच्या एका पर्जन्यमापकापर्यंत. हवामान खात्याच्या वेळेला, म्हणजे सकाळी साडेआठला, आकडा बघायचा आणि चार ओळी लिहायच्या. बाहेरगावच्या भावंडांनाही त्या वाचता याव्यात म्हणून हे टिपण वेबवर न्यायचं ठरवलं, तेव्हा जाणकारांनी डेटाबेस, लॉगिन, डॅशबोर्ड असा बारदाना सांगितला. डेटाबेस म्हणजे बंद गोदाम. माल आपला, पण आत जायचं तर गोदामवाल्यामार्फत. चार ओळींच्या पावसाला गोदाम कशाला?

शोधता शोधता 'ब्लॉसम' सापडलं. रोमन लिपीत त्या नावाच्या मधोमध एक मुका 'एक्स' बसलेला आहे, त्याचा उच्चार करायचा नाही. रेल डॉर्नफेस्ट या माणसानं २००२-०३ च्या सुमारास पर्ल भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम. अख्खा कारभार एका फाईलीत, तोही काहीशे ओळींत. त्याचं म्हणणं एवढंच की एक नोंद म्हणजे एक साधी मजकुराची फाईल. पहिली ओळ मथळा, उरलेला मजकूर. ज्या फोल्डरात ठेवाल तो तिचा विषय. आणि फाईल शेवटची ज्या घटकेला बदलली, ती तिची तारीख. मी हे वाचून हसलोच. फोल्डर तर प्रत्येक संगणकात असतात आणि फाईल कधी बदलली याची नोंद यंत्र न सांगता ठेवतंच. म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं होतं. या गृहस्थानं ते फक्त वाचून दाखवलं.

बसवणं एका संध्याकाळचं काम. भाड्याच्या सर्व्हरवर ज्या फोल्डरातले प्रोग्राम चालवायची मुभा असते तिथे ही फाईल ठेवायची. ती उघडून वरच्या काही ओळी भरायच्या: रोजनिशीचं नाव, नोंदींच्या फोल्डरचा पत्ता, पहिल्या पानावर किती नोंदी दाखवायच्या. मग परवानगी. आपल्याकडे सातबारा, तसा इथे ७५५. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. पहिला आकडा मालकाचा: ४, २ आणि १ मिळून ७, म्हणजे सगळे हक्क. पुढचे दोन गटाचे आणि उरलेल्या जगाचे: ४ आणि १ मिळून ५, म्हणजे वाचा, चालवा, पण खाडाखोड करू नका. इतक्या कमी जागेत बसलेला हक्काचा उतारा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता पुण्यातल्या भावानं फोनवर पान उघडलं की काय होतं ते बघा. अपाचीसारखा वेब सर्व्हर मागणी ऐकतो. त्याच्या लक्षात येतं की इथे तयार पान नाही, प्रोग्राम आहे. तो प्रोग्रामला उठवतो. प्रोग्राम फोल्डराफोल्डरांतून हिंडतो, प्रत्येक फाईलीला विचारतो, 'तू कधीची?' नवी आधी, जुनी नंतर अशी रांग लावतो, पुढच्या दहा-बारा उचलतो. वर शीर्षाचा तुकडा, खाली तळाचा तुकडा, मध्ये नोंदी. पान सर्व्हरच्या हातात देतो आणि मरून जातो. अक्षरशः, स्मृतीत मागे काही उरत नाही. पुढच्या क्षणी नाशिकच्या बहिणीनं तेच पान मागितलं की नवा जन्म, पुन्हा हिंडणं, पुन्हा रांग. येईल त्या पाहुण्याला तव्यावरची गरम भाकरी. २००८ मध्ये आलेल्या जेकिलसारख्या अवजारांनी पुढे सगळ्या भाकऱ्या आधीच थापून ठेवायची पद्धत रूढ केली. ती जास्त शहाणपणाची आहे, मान्य. पण मला ही दर मागणीला होणारी धावपळ बघायला आवडते.

पत्त्यातही गंमत आहे. पत्त्याच्या शेवटी पावसाच्या फोल्डरचं नाव लिहिलं की फक्त पाऊस येतो. त्याऐवजी साल, महिना आणि दिवस तिरप्या रेघांनी तोडून लिहिले की त्या दिवसाच्या नोंदी येतात. असं पान कुणी बनवून ठेवलेलंच नसतं. मागितलं म्हणून ते होतं.

मराठीची काळजी मला होती, ती युनिकोडनं मिटवली. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'नेवासा' या शब्दात न, मात्रा, व, काना, स, काना अशी ६ चिन्हं, म्हणून १८ बाइट. त्या नेवाशात सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या याच हिशेबानं मांडल्या तर माझ्या ढोबळ अंदाजानं सगळा ग्रंथ दोन मेगाबाइटच्या आत बसतो. गच्चीवरून फोननं काढलेल्या ढगाच्या एका फोटोला याहून जास्त जागा लागते. फाईलीचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवावं. वेबच्या पत्त्यात देवनागरीच्या एका चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट ९ अक्षरं होतात, आणि 'नेवासा'चा पत्ता ५४ अक्षरांचं शेपूट घेऊन फिरतो.

सगळ्यात जास्त भुललो ते तारखेच्या खेळाला. 'टच' नावाची एक आज्ञा असते. ती मजकुराला हात न लावता फाईलीची वेळ बदलते. पाडव्याचं टिपण आठ दिवस आधी लिहून त्याची वेळ पाडव्याच्या सकाळची करून ठेवली, तर ब्लॉसम ते दाखवतच नाही. मुळात ते पुढच्या तारखेच्या फाईली वगळून चालतं. पाडव्याला मी झोपेत असताना टिपण आपोआप पानावर येतं. फक्त सर्व्हरचं घड्याळ कुठलं ते बघावं लागतं. माझं ग्रीनिचच्या वेळेनं चालत होतं, आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून पहाटे चारला लिहिलेल्या ओळी आदल्या दिवशीच्या ठरत.

याच खेळानं मला गाडलं. तीन वर्षांनी सर्व्हर बदलला. फाईली नव्या जागी नेल्या, पान उघडलं आणि बघतच राहिलो. तीन वर्षांचा पाऊस एकाच दुपारी पडला होता. आर्द्रा, हस्त, अवकाळी, सगळं एकाच तारखेखाली. नक्कल करणाऱ्या आज्ञेला 'जुन्या वेळा जप' असं सांगणारं एक अक्षर जोडायचं असतं. ते मी जोडलं नव्हतं. नवी नक्कल म्हणजे नवी फाईल, तिची वेळ आत्ताची. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. मजकुरातून काही धागा मिळेल म्हणून नोंदी उघडल्या, तर आत 'कालच्यापेक्षा बरा' असली वाक्यं. काल म्हणजे कधी?

त्या रात्री नेवासा पुन्हा आठवलं. प्रवरेकाठी तो पैसाचा खांब आहे, अंगावर जुना संस्कृत लेख असलेला. ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. बाबांच्या हातची पोथी आज कुठेही नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. त्यांत इतकी पाठभेदांची भर पडत गेली की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध करायला बसावं लागलं, आणि यात कुणी पदरच्या ओव्या घालू नयेत असा दमही भरावा लागला. तरीही ग्रंथ कधीचा हे आपण सांगू शकतो, कारण शेवटच्या ओव्यांतच ते सांगितलेलं आहे. गोदावरीचा काठ, महालया दैवताचं क्षेत्र, यादव राजा रामचंद्र, शके १२१२ आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. स्थळ, राज्य, साल, लेखनिक. हे पोथीच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं तर पहिल्याच नकलेत गळून पडलं असतं. मजकुरात होतं म्हणून नकलणाऱ्यानं ते नकलून घेतलं. छंदात होतं म्हणून गाळताही येईना.

माझा पाऊस वाचला तो कालनिर्णयमुळे. स्वयंपाकघरात दाराआड तीन वर्षांची कालनिर्णयं एकाच खिळ्याला होती. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि चौकोनांच्या कोपऱ्यात माझ्या पेन्सिलीचे मिलिमीटर. बायको आकडे वाचत गेली, मी फाईली ओळखून 'टच' करत गेलो. चार संध्याकाळी लागल्या. एका नोंदीत नुसतंच 'भिजलो' लिहिलं होतं. ती कुठल्याच चौकोनात बसेना, म्हणून तिला तारखेशिवाय वेगळ्या फोल्डरात ठेवली.

आता फाईलीची शेवटची ओळ ठरलेली असते. कालची, शक आणि तिथी इथे सोडून, अशी: नगर, घराची गच्ची, ज्येष्ठ, सकाळी ८.३०, ११ मिलिमीटर, मोजले मी, वाचून दाखवले बायकोने.