आरोग्य-विमा आणि दोन तऱ्हेची दुखणी

दुखणी दोन तऱ्हेची असतात. एक येते आणि जाते. दुसरे येते ते मुक्कामालाच येते.

डेंग्यूचा ताप आला, अपेंडिक्स दुखू लागले, पडून पाय मोडला. इस्पितळात जावे लागते. पैसा लागतो. पण माणूस बरा होतो आणि पुन्हा कामाला लागतो. हे थोड्या दिवसांचे दुखणे.

साखरेचा आजार म्हणजे मधुमेह, तसाच रक्तदाब, दमा. यांचे निराळे आहे. औषध रोज घ्यावे लागते. आजार ताब्यात राहतो, पण घर सोडत नाही. हे लांबणीचे दुखणे.

हल्ली खेड्यांतही आरोग्य-विम्याचे एजंट येतात. आपल्या देशात 1986 साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम नावाचा विमा सुरू केला. 2000 सालानंतर खाजगी कंपन्याही आल्या. आपण हप्ता भरतो. इस्पितळात राहावे लागले तर कंपनी ठरलेल्या रकमेपर्यंत खर्च देते. पण ती या दोन दुखण्यांना सारखे वागवीत नाही. कसे ते पाहू.

समजा, दोन भाऊ आहेत. दोघांनी एकाच दिवशी विमा उतरविला. धाकटा धडधाकट आहे. थोरल्याला दोन वर्षांपासून साखर आहे.

पहिले 30 दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा खर्च मिळत नाही. हा नियम दोघांनाही आहे. तीन महिन्यांनी धाकट्याला डेंग्यू झाला. चार दिवस तो इस्पितळात होता. कंपनीने खर्च दिला. थोरल्याला डेंग्यू झाला असता, तर त्यालाही मिळाला असता.

पुढे थोरल्याच्या पायाची जखम साखरेमुळे चिघळली. त्यालाही इस्पितळात ठेवले. कंपनी म्हणाली, "हा आजार विमा घेण्याआधीचा आहे. अजून मुदत भरलेली नाही."

ही कसली मुदत? आधीच असलेल्या आजारासाठी कंपनी काही काळ थांबायला लावते. 2024 सालच्या नियमाप्रमाणे ही मुदत 36 महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. त्याआधी ती 48 महिन्यांपर्यंत असे. मोतीबिंदू, हर्निया अशा काही आजारांना, ते नवे असले तरी, बहुधा मुदत असतेच.

कोणी म्हणेल, "असं का बुवा?" विमा म्हणजे पुष्कळांनी मिळून भरलेली पेटी. घराला आग लागल्यावर जो तो आगीचा विमा काढू लागला, तर पेटी रिकामी होईल. म्हणून ही मुदत.

मुदत भरली तरी रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक विम्यांत मिळत नाही. बहुधा 24 तास तरी इस्पितळात राहावे लागते. मोतीबिंदूसारख्या काही शस्त्रक्रिया तेवढ्या एका दिवसाच्या चालतात. मग गोळ्यांचे काय? सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे रक्तदाब आणि साखर तपासतात. गोळ्या मोफत देतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अर्ज भरताना एखादा एजंट म्हणतो, "दादा, साखर आहे ते लिहू नका. उगीच हप्ता वाढेल." आपण म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं." येथेच घात होतो. लपविलेला आजार पुढे उघडकीस आला, तर कंपनी खर्च नाकारू शकते. विमाही रद्द करू शकते. भरलेले हप्ते वाया जातात. त्या वेळी एजंट पुढे येत नाही. कारण अर्जावर सही आपली असते.

खरे लिहिले तर कंपनी कदाचित हप्ता वाढवील. कदाचित नाही म्हणेल. पण ते आधी कळलेले बरे, की इस्पितळाच्या दारात कळलेले बरे?

म्हणून आम्ही सांगतो, एवढे करा.

अर्ज दुसऱ्याने भरला तरी वाचल्याशिवाय सही करू नका. असलेला आजार लिहा.

पॉलिसी हाती आली की "थांबण्याची मुदत" कोठे लिहिली आहे ते शोधा. पटले नाही तर 30 दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते.

हप्ता चुकवू नका. वर्षाच्या हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. तीही गेली आणि विमा तुटला, तर नव्या विम्यात मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

खर्च नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कचेरी मुंबईत आहे, पुण्यातही आहे. तेथे फी लागत नाही.

पूर्वी कागद पुढे आला की आपण अंगठा उठवीत होतो. आता अक्षर ओळखीचे झाले आहे. त्याचा उपयोग येथे करा. कागद बारीक अक्षरात असला तरी घाई करू नका. उजेडात बसा, एकेक ओळ वाचा, आणि मगच सही करा.